अंकांतला आवाज आणि झाडीपट्टीचं बोलणं : एक आढावा

धानावर तुडतुडा पडला की लाखांदूर-पवनीकडचा शेतकरी कृषी केंद्रवाल्याला, कृषी सहायकाला किंवा किसान कॉल सेंटरला फोन लावतो. पलीकडून औषधाचं नाव येतं आणि पाठोपाठ पंपाला किती मिली टाकायचं तो आकडा. हा आकडा आठ की साठ, हे कानाला कळतं ते मुख्यतः सुरुवातीच्या 'स'वरून. आणि साध्या फोनवर सगळ्यांत आधी गळतो तो हाच 'स'. त्याची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. फोनचा जुना पट्टा ३,४०० हर्ट्झला संपतो. ऐकणारा बहुतेक वेळा संदर्भावरून सावरून घेतो. पण औषधाच्या मात्रेला, खाते क्रमांकाला किंवा माणसाच्या आडनावाला संदर्भ फारसा उपयोगी पडत नाही.

बोलणं अंकांत बदलून पाठवायचं, पलीकडे त्याचा पुन्हा आवाज करायचा आणि या जाण्यायेण्यात त्याची प्रत राखायची, सुधारायची, हा प्रश्न वरवर अभियंत्यांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरांचं आपसात पटत नाही, कारण 'चांगला आवाज' म्हणजे काय याची प्रत्येकाची समजूत वेगळी आहे. भंडारा जिल्ह्यातून या वादाकडे पाहिलं की हे मतभेद जास्त ठळक दिसतात. नागझिरा आणि कोका अभयारण्यांच्या कडेच्या गावांत 'टावर' कधी पकडतो, कधी नाही. बोलणं झाडीबोलीत, काही घरांत पोवारीत, काहींत गोंडीत. आणि जुन्या गाजलेल्या कोडेकांच्या ऐकण्याच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी अशा भाषांत झालेल्या. कोडेक म्हणजे आवाजाचे अंक करणारी आणि अंकांचा पुन्हा आवाज करणारी पद्धत, एवढं पुढच्या वाचनाला पुरे.

मर्यादा आली कुठून

माणसाच्या बोलण्यातले ध्वनी ८,००० हर्ट्झच्याही वर जातात. फोनला ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा मिळाला तो तारांच्या काळात, एका वाहिनीवर जास्तीत जास्त संभाषणं बसवण्यासाठी. ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३८ मध्ये आवाजाचे नमुने घेऊन ते अंकांत पाठवण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. ती व्यवहारात यायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. पुढे १९७२ मध्ये जी.७११ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, एकूण ६४ किलोबिट. तंत्र नवं आलं, पट्टा मात्र जुनाच राहिला.

भारतात खेड्यापाड्यांपर्यंत हे तंत्र नेण्यात सी-डॉटचा वाटा मोठा. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं १२८ पोर्टांचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये त्यातलं पहिलं कर्नाटकातल्या कित्तूरला बसवलं. वातानुकूलनाशिवाय चालावं अशी त्याची रचना होती. विदर्भाचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. त्या काळी ट्रंक कॉलवर ओरडून बोलायची सवय लागलेल्या पिढीला अंकांतला हा आवाज लख्ख वाटला आणि ते खरंही होतं. खरखर गेली. गळलेल्या 'स'ची तक्रार तेव्हा कोण करणार?

मोबाइल आला आणि ६४ किलोबिट परवडेनासे झाले. हवेतून जाणाऱ्या लहरींत तेवढी जागा नसते. इथं बेल लॅब्जमधलं जुनं संशोधन कामी आलं. होमर डडली यांनी १९३० च्या दशकात व्होकोडर बनवून दाखवलं होतं की बोलण्याची लहर जशीच्या तशी न पाठवता कंठातून येणारा नाद आणि मुखाचा आकार यांचं वर्णन पाठवलं तरी चालतं. कानपूरला जन्मलेले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल यांनी हे वर्णन गणितात पक्कं बसवण्यात मोठी कामगिरी केली. त्यांनी आणि मान्फ्रेड श्रोडर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या 'सेल्प' पद्धतीवर पुढची बहुतेक मोबाइल कोडेकं उभी आहेत. ब्लाउजपीससाठी मॅचिंग सेंटरात एकेक छटा साडीला लावून पाहतात, तसं हे कोडेक आपल्याजवळच्या साठ्यातला एकेक नमुना मूळ आवाजाशी ताडून पाहतं आणि सर्वांत जवळच्या नमुन्याचा फक्त क्रमांक पाठवतं. तेव्हा एका सेकंदाच्या बोलण्यासाठी ही जुळवाजुळव करायला क्रे-१ या महासंगणकाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असे. आज ती खिशातल्या फोनमध्ये बोलता बोलता होते.

भारतात १९९५ मध्ये मोबाइल सुरू झाला. जीएसएमचं मूळ कोडेक १३ किलोबिटांचं होतं. दर २० मिलिसेकंदांना १६० नमुन्यांचं वर्णन २६० बिटांत. गर्दी वाढली की एका जागेत दोघांना बसवणारं ५.६ किलोबिटांचं 'हाफ रेट'ही आलं. नंतरचं एएमआर जास्त हुशार निघालं. ४.७५ ते १२.२ किलोबिटांच्या आठ पायऱ्या. टॉवरपासून दूर गेलं की ते आवाजाचे बिट कमी करतं आणि वाचलेले बिट चुका दुरुस्त करायला वापरतं. कोक्याच्या जंगलाकडे निघालेल्या माणसाचा आवाज तुटण्याआधी जाडाभरडा होतो, त्याचं एक कारण हे.

या साऱ्या पद्धतींत एक गृहीत आहे : समोर एकच माणूस बोलतो आहे. तसं असेल तोवर ठीक. फोनवरून भजन ऐकवायला गेलात की टाळांचा चुरा होतो, मळणी यंत्राशेजारी उभं राहून बोललात की कोडेक त्या घरघरीलाच कंठ समजू लागतं. उंच पट्टीच्या आवाजांना, म्हणजे बायकांच्या आणि मुलांच्या आवाजांना, कमी बिटांची कोडेकं जास्त छळतात, हेही जुनंच निरीक्षण आहे.

पट्टा रुंद करा

यावर सर्वांत सरळ मत असं, की जे पाठवलंच नाही ते पलीकडे सुधारणार कसं? तेव्हा पट्टाच रुंद करा. सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेणारं जी.७२२ हे मानक १९८८ पासून आहे. मोबाइलसाठी ५० ते ७,००० हर्ट्झचं रुंद एएमआर २००१ मध्ये आलं, २०१४ मध्ये ईव्हीएस आलं आणि ते २०,००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतं. भारतात सामान्य ग्राहकाला याची ओळख झाली सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या व्होल्टीमुळे, म्हणजे फोर-जी जाळ्यावरूनच जाणाऱ्या कॉलमुळे. पुढच्याच वर्षी बटणांचा स्वस्त फोन आला आणि रुंद आवाज चावडीपर्यंत पोचला.

मराठीच्या बाजूनं या मताला चांगला पुरावा आहे. 'स' आणि 'श' यांतला फरक बराचसा ३,००० हर्ट्झच्या पुढे असतो. 'चाक'मधला दंत्य च आणि 'चार'मधला तालव्य च यांच्या घर्षणातला फरकही तिथंच वर. जुन्या पट्ट्यात या जोड्या धूसर होतात, रुंद पट्ट्यात परत येतात. उंच आवाजांची गैरसोयही कमी होते.

आक्षेप साखळीचा आहे. रुंद आवाजासाठी दोन्ही फोन, दोन्ही कंपन्या आणि मधला दुवा, सगळं रुंद लागतं. एक टोक टू-जीवर असलं, मध्ये जुनी लँडलाइन आली किंवा पलीकडे कॉल सेंटरची जुनी यंत्रणा असली की सारं ३,४०० वर येऊन थांबतं. वर प्रत्येक वळणावर एक कोडेक उलगडून दुसऱ्यात बांधायचं, यात प्रत आणखी उतरते. कानात ब्लूटूथचा स्वस्त दट्ट्या असेल तर तिथं शेवटचं एक बांधणं-उलगडणं असतंच. बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशाला अर्पण झालं. त्यामुळे साखळीतल्या काही कड्या बदलतील, पण सरकारी टॉवरवर विसंबलेल्या गावांनी रुंद आवाजाचं पहिलं दशक बहुतांशी बाहेरूनच पाहिलं. तांत्रिकदृष्ट्या मला हेच मत सगळ्यांत भक्कम वाटतं. मात्र ते अमलात आणणं ग्राहकाच्या हातात नसतं.

आला तसा दुरुस्त करा

दुसरं मत व्यवहारी. जाळं बदलायला दहा-वीस वर्षं लागतात. तोवर ऐकणाऱ्याच्या टोकाला डागडुजी करा. ही डागडुजी अनेक तऱ्हांची. उलगडलेल्या आवाजाला गाळणी लावून कोडेकची कुरकुर दाबणं, हरवलेल्या पाकिटाच्या, म्हणजे वाटेत गळलेल्या आवाजाच्या तुकड्याच्या, जागी मागच्या आवाजाचा सांधा भरणं, अरुंद आवाजावरून वरचे ध्वनी अंदाजानं घालणं आणि गोंगाट काढणं.

सांधा भरण्याबद्दल फारसा वाद नाही. वीस मिलिसेकंदांची भोकं कानाला न कळता बुजतात. वाद आहे तो गोंगाट काढण्यावर. २००७ मध्ये यी हू आणि फिलिपोस लॉइझू यांनी आठ प्रचलित पद्धती माणसांना ऐकवून तपासल्या. गोंगाटातले शब्द या पद्धतींमुळे जास्त ओळखता येतात, असं जवळजवळ कुठल्याच परिस्थितीत दिसलं नाही. आवाज ऐकायला सुखद होणं वेगळं आणि कळायला सोपा होणं वेगळं, हा भेद तेव्हापासून या क्षेत्रात गंभीरपणे घेतला जातो. त्यानंतर 'शिकलेल्या', म्हणजे ढीगभर नमुन्यांवरून यंत्रानं स्वतः शिकून घेतलेल्या, पद्धती आल्या, निकाल सुधारले, विशेषतः श्रवणयंत्रांच्या बाबतीत. पण भेद मिटलेला नाही.

मराठीत याची एक खास अडचण आहे. आपल्याकडे म्ह, न्ह, ल्ह, व्ह असे श्वासमिश्रित ध्वनी आहेत. त्यांतला श्वास गोंगाटासारखाच दिसतो, म्हणून गोंगाट काढणाऱ्या यंत्राला तो काढावासा वाटणं स्वाभाविक. तीच गोष्ट शांतता ओळखणाऱ्या यंत्रणेची. बोलणारा गप्प आहे असं समजून ती बिट वाचवते आणि हळू आवाजात सुरू झालेल्या वाक्याचं पहिलं अक्षर गिळते. म्हाताऱ्या माणसांशी फोनवर बोलताना हे कुणाच्याही लक्षात येईल.

याच पंगतीत बसणारं आणखी एक मत क्षेत्रात काम करणाऱ्यांचं आहे आणि ते थोडक्यात उरकतो, कारण त्यात वादाला जागा कमी. त्यांचं म्हणणं, कोडेकला बोल लावण्याआधी माईक आणि खोली पाहा. टिनाच्या छपराखाली, पंख्याखाली, फोन हातभर दूर धरून घेतलेला आवाज कुठल्याही कोडेकनं सुधारत नाही.

शिकलेली यंत्रं

२०१६ मध्ये डीपमाइंडच्या वेव्हनेटनं दाखवलं की यंत्र माणसाच्या बोलण्याची लहर नमुन्यामागे नमुना रचत हुबेहूब उभी करू शकतं. तिथून कोडेकच्या दुनियेत तिसरा पक्ष उभा राहिला. २०१९ मध्ये एलपीसीनेट हे कोडेक १.६ किलोबिटांत समजेल असं बोलणं देऊ लागलं. २०२१ मध्ये गूगलनं ३ किलोबिटांचं 'लायरा' आणलं. ते सत्तरहून अधिक भाषांतल्या बोलण्यावर शिकवल्याचं सांगितलं. मोकळ्या परवान्याच्या ओपस या कोडेकनंही मार्च २०२४ च्या १.५ आवृत्तीत हरवलेली पाकिटं भरून काढायला शिकलेली यंत्रणा घेतली. जीएसएमच्या १३ किलोबिटांशेजारी ३ हा आकडा ठेवला की जंगलाकडेच्या, अर्धा टॉवर असलेल्या गावाला याचं आकर्षण का वाटावं ते कळतं.

आक्षेपही तितकाच मूलभूत आहे. जुनं कोडेक बिघडलं की ते ऐकू येतं. आवाज फाटतो, घुमतो, पलीकडचा म्हणतो, "आवाज कटून राह्यला, बाहेर येऊन बोल." चूक झाली हे दोघांनाही कळतं आणि माणूस पुन्हा विचारतो. शिकलेल्या यंत्राला माहिती कमी पडली तर ते गप्प राहत नाही. आधी ऐकलेल्या हजारो तासांच्या अनुभवावरून योग्य वाटेल तो ध्वनी तिथं बसवतं. बसवलेला ध्वनी स्वच्छ असतो. 'साठ'चा 'आठ' स्पष्ट, खणखणीत ऐकू आला तर पुन्हा विचारणार कोण? अगदी कमी बिटांवर अशा ध्वनींच्या अदलाबदली होतात हे या पद्धतीचे समर्थकही मान्य करतात. बिट थोडे वाढवले की त्या झपाट्यानं कमी होतात, असं त्यांचं उत्तर आहे आणि ते चुकीचं नाही.

झाडीबोलीच्या बाबतीत प्रश्न आणखी एक पाऊल पुढे जातो. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेवर तपशिलानं लिहिलं आहे. प्रमाण मराठीतल्या ण, ळ, श यांच्या जागी इथं न, र, स येतात. पाणी इथं 'पानी', डोळा 'डोरा'. म्हणजे 'स-श' हा फरक अरुंद पट्ट्यात बुजला तर झाडीबोली बोलणाऱ्याचं त्यात प्रमाण मराठीवाल्याइतकं नुकसान होत नाही. उलट शिकलेलं यंत्र प्रमाण मराठीवर वाढलेलं असेल आणि 'डोरा'मधला र धूसर पोचला असेल, तर ते कुठल्या बाजूला झुकेल? ध्वनी भरताना ते बोलणाऱ्याची बोली धरतं की आपल्या शिक्षणाची, हे बोलीनिहाय चाचणी घेतल्याशिवाय ठरवता येत नाही. सत्तर भाषा म्हणजे सत्तर भाषांच्या सगळ्या बोली नव्हेत.

मोजायचं कशानं

इथं वादाचा खरा अडसर आहे. आवाजाची प्रत ठरवायची जुनी रीत म्हणजे माणसांना वाक्यं ऐकवून १ ते ५ गुण मागणं आणि त्यांची सरासरी काढणं. ही रीत खर्चीक, म्हणून तिचा अंदाज देणारी यंत्रं निघाली. २००१ चं पेस्क आणि २०११ चं पोल्का ही दोन आंतरराष्ट्रीय मानकं. दोन्ही मूळ आवाज आणि उलगडलेला आवाज शेजारी ठेवून फरक मोजतात. शिकलेलं कोडेक मूळ लहरीची नक्कल करतच नाही, तेव्हा या मोजपट्ट्या त्याच्यावर कधी अन्याय करतात, कधी नको तेवढी मेहेरबानी.

दूरसंचार नियामकाचं मोजमाप तर आणखी लांबून होतं. 'ट्राय'च्या २००९ च्या नियमांत चांगल्या आवाजाच्या जोडण्या किमान ९५ टक्के असाव्यात अशी अट होती. टू-जी जाळ्यात हे ठरायचं ते संकेतात किती चुका आल्या त्यावरून. त्यात कोडेक कोणतं, भाषा कोणती, ऐकणाऱ्याला काय कळलं, याचा हिशेब नव्हता. नियम म्हणून ते चुकीचं होतं असं नव्हे. देशभर मोजता येईल असं काहीतरी लागतंच. पण ९५ टक्क्यांचा अर्थ '९५ टक्के बोलणं कळलं' असा लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शब्द कळले की नाही हे तपासायला यमकाच्या जोड्यांची चाचणी असते. एकाच ध्वनीनं वेगळे होणारे दोन शब्द, त्यांतला एक ऐकवायचा, कोणता ते विचारायचं. मराठीसाठी अशा जोड्या काढणं अवघड नाही : साठ-आठ, मात-म्हात, पान-फान असे अर्थाचे-बिनअर्थाचे शब्द कुणीही शिक्षक तासाभरात काढून देईल. अवघड आहे ते वेगवेगळ्या तालुक्यांतले, वयांचे, बायका-पुरुष ऐकणारे बसवून प्रत्येक कोडेकवर ती घेणं.

मराठी आवाजांचे साठे मात्र तयार होत आहेत. शेतमालाचे भाव बोलून विचारता यावेत या प्रकल्पासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि आयआयटीच्या संशोधकांनी राज्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतलं बोलणं मोबाइलवरून, म्हणजे अरुंद पट्ट्यातच, गोळा केलं. २०२२ पासून केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा भाषा-तंत्रज्ञानाचा प्रकल्प आहे, मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये मराठी आहे. हे सारे साठे यंत्राला बोलणं ओळखता यावं म्हणून आहेत. माणसाला बोलणं कळतं का, हे तपासायला त्यांचा उपयोग करून घेता येईल.

जतनाची बाजू

आतापर्यंतचा वाद संभाषणाचा झाला. बोललं, ऐकलं, संपलं. बोलीचं ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं म्हटलं की निकष उलटतात. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात मध्य प्रांतातल्या मराठी बोलींचे नमुने लिपीत आहेत. त्याच सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात देशभर ग्रामोफोनच्या तबकड्याही भरल्या गेल्या आणि त्या आता अंकांत रूपांतरित होऊन ऐकायला मिळतात. शिंगात बोलून भरलेल्या त्या तबकड्यांचा पट्टा फोनहूनही तोकडा. तरी त्या अमोल आहेत आणि त्यांच्यावर सफाईची यंत्रं चालवावीत का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, ऐकवण्याजोग्या झाल्या तरच लोक ऐकतील. दुसरं म्हणतं, खरखरीबरोबर भाषेचा अंश गेला तर तो कधी गेला हे पुढच्यांना कळणारही नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस मधली आणि मला पटणारी आहे : मूळ प्रत सेकंदाला किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट अशी, न दाबलेली, न साफ केलेली ठेवा; सफाई हवी तेवढी करा, पण नकलेवर.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावचे आवाज नोंदवले गेले, हे या बाबतीतलं अलीकडचं मोठं काम. जिल्ह्यात त्याहून कितीतरी जास्त नोंदी मात्र लोकांच्याच फोनमध्ये पडून आहेत. दंडारीची रात्र, रोवणीची गाणी, आजीनं सांगितलेली पोवारी गोष्ट. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये आवाज ओपसनं दाबला जातो. निरोपासाठी ते उत्तमच आहे. बोलीच्या अभ्यासासाठी जेवढं दाबलं गेलं तेवढं गेलं.

तेव्हा झाडीबोलीतलं, पोवारीतलं, गोंडीतलं काही फोनवर नोंदवत असाल तर रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह किंवा फ्लॅक निवडा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, पंखा बंद करा आणि कोण, कुठल्या गावचं, कधी बोललं हे सुरुवातीलाच आवाजात सांगून ठेवा. पुढे पाठवताना ती फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती वाटेत पुन्हा दाबली जाणार नाही. सफाईचं ॲप चालवायचं असेल तर खुशाल चालवा, पण मूळ फाइल पुसू नका.